फणसाभोवतीचं वळण

“हॉर्न कोण वाजवणार?” दौलतआबांनी विचारलं.

“मीच. ड्रायव्हर मी, तर हॉर्नबी माझाच.”

“मग मी कोण?”

“तुम्ही सरपंच. तुम्ही पुढच्या शिटावर फुकट बसायचं.”

आंबेघोलमध्ये आलेली पहिली एसटी मी चालवली. हे मी आजवर इतक्यांना सांगितलंय, की आता त्यातले निम्मे ती गाडी आपण डोळ्यांनी पाहिली असंही सांगतात. पण ही थाप नव्हे. गाडीला इंजिन नव्हतं आणि चाकं नव्हती, एवढंच. लांबच लांब बांबू एसटीच्या मापाच्या चौकोनात बांधले होते आणि गावातले धट्टेकट्टे बाप्ये ते खांद्यावर धरून उभे होते. सगळ्यात पुढे मी. हातात हौसाआत्याची परात, स्टेअरिंग म्हणून.

हा उद्योग करायचं कारण असं, की दुष्काळी कामात आमच्या डोंगरावर रस्ता तर झाला होता, पण गाडी येत नव्हती. फाट्यापासून गावापर्यंत चढण पायी. डेपोतले साहेब म्हणाले होते, “गाडी वर यायला काही नाही हो, पण वळणार कुठं? एवढा घाट ती मागं-मागं उतरणार का?” बोलणं रास्त होतं. गावात सपाट जागा म्हणजे एकच, हौसाआत्याचं खळं. आणि खळ्याच्या ऐन कडेला तिचा फणस. तिथे एसटी वळते का, हे बघायला आम्ही ही बांबूची गाडी काढली.

हौसाआत्या ओट्यावर काठी घेऊन बसली होती. “फणसाला शिवलात तर समदे बांबू चुलीत घालीन,” ती म्हणाली.

मी पोंऽऽ केलं आणि गाडी सुटली. खळ्यात शिरली. फणस जवळ आला तशी मागच्या लोकांनी हळूच बाजूला पावलं टाकली, अंग चोरलं, कुणीतरी पोट आत ओढलं, आणि बघता बघता गाडीचं तोंड पुन्हा फाट्याकडे झालं.

“वळली!” दौलतआबा ओरडले. “आरं, वळली की!”

तेवढ्यात चढणीकडून हसण्याचा आवाज आला. खांद्याला शबनम पिशवी, पायात धुळीनं रंग गेलेल्या चपला, कपाळावर घाम. एक बाई दगडावर बसून पोट धरून हसत होती.

“छान आहे तुमची एसटी,” ती म्हणाली. “फार लाजाळू आहे. झाड दिसलं की बाजूला सरकते. डेपोतल्या गाडीला एवढं वळण नसतं लागलेलं.”

“तुमी कोन, बाई?” आबांनी टोपी नीट केली.

“मी कुमुद पाध्ये. संस्थेकडून आलेय. तुमचा अर्ज आला होता ना, दगड फोडायचं यंत्र आणि सिमेंट पाहिजे म्हणून?” मग ती उठली आणि सरळ आमच्या गाडीजवळ आली. “आता पुन्हा वळवा. पण मागच्यांनी बाजूला पाऊल टाकायचं नाही. गाडीची मागची चाकं बाजूला चालत नाहीत. पुढचे ओढतील तसंच जायचं.”

आम्ही पुन्हा वळलो. मागचा कोपरा फणसावर आदळला, दोघेजण उकिरड्यात बसले, आणि मी परातीसकट तोंडावर पडलो. वर बघतो तर ती माझ्यासमोर वाकून उभी होती.

“ड्रायव्हर, लागलं का?”

खरं तर लागलं होतं. पण ते तेव्हा मला कळलं नाही.

*

दुसऱ्या दिवशी हौसाआत्याच्या ओट्यावर बैठक बसली. वरची आळी एका बाजूला, खालची दुसऱ्या. कुमुदबाईंनी पिशवीतून एकच कागद काढला.

“यंत्र देऊ, सिमेंट देऊ,” त्या म्हणाल्या, “पण त्याआधी सनद लिहायची.”

“सनद?” दौलतआबा सावरून बसले. “सनद राजा देत असतोय. आमच्या खापरपणज्याला मिळाली हुती. उंदरांनी खाल्ली.”

“ही तुम्हीच तुम्हाला द्यायची. काम कशासाठी, त्यात काय येतं, काय येत नाही, कुणाच्या शब्दानं चालायचं, आणि संपलं असं कधी म्हणायचं. सगळं एका पानात. यावर सह्या झाल्या की काम सुरू. त्याआधी कुणी कुदळ उचलायची नाही.”

“येवढं तर आमी तोंडी सांगतो की.”

“सांगा मग. कशासाठी करताय?”

“एसटी आणायला!” सगळे एकदम म्हणाले.

“एसटी आणणं डेपोच्या हातात आहे. तुमच्या हातात काय आहे?”

सगळे आबांकडे बघायला लागले. मग हौसाआत्या आतून, चुलीपाशी बसूनच म्हणाली, “आली तर तिला परत जाता यावं, येवढंच.”

कुमुदबाईंनी तेच लिहिलं. ‘हेतू : गावात आलेल्या गाडीला वळून परत जाता यावे.’ मला ती ओळ तेव्हा फार साधी वाटली.

मग कागदावर उभी रेघ मारून त्यांनी दोन रकाने केले. ‘यात आहे’ आणि ‘यात नाही’. आणि गावाला कंठ फुटला. पाण्याची टाकी घाला. देवळापुढं मंडप घाला. कुणीतरी स्मशानातली शेड सुचवली. कुमुदबाई एकेक ऐकून घ्यायच्या आणि शांतपणे उजवीकडच्या रकान्यात लिहायच्या. ‘यात नाही.’ ‘यात नाही.’

“बाई, तुमी तर समदंच बाहेर काढाया लागला,” आबा वैतागले. “मग ह्या रंग्याचं लगीन तरी घाला! गावानं आशा सोडलीया, संस्थेनं तरी मनावर घ्यावं.”

ओटा हसून हसून हलला. कुमुदबाईंनी मान वर न करता लिहिलं आणि वाचून दाखवलं, “रंगराव शेलार यांचे लग्न. यात नाही.”

पुन्हा हशा. सगळ्यात मोठ्यानं मी हसलो.

“आता एक नाव सांगा,” त्या म्हणाल्या. “काम बघणारा एकच माणूस. त्याचा शब्द दोन्ही आळ्यांनी मानायचा.”

इथे मात्र हसू मावळलं. वरच्या आळीनं खालच्याचं नाव घेतलं नाही आणि खालच्यांनी वरच्याचं. शेवटी आबांनी माझ्याकडे बोट केलं. “ह्याला करा. ह्याच्यावर दोन्ही आळ्यांचा सारखाच इश्वास न्हाई. भांडान व्हायचं न्हाई.”

“हा म्हनला हुता, त्याच्या आज्याला वाघानं इडी मागितली म्हनून!” कुणीतरी मागून म्हणालं.

“मागितली होती,” मी म्हणालो. “काडी नव्हती म्हणून वाघ निघून गेला.”

कुमुदबाईंनी प्रथमच माझ्याकडे नीट बघितलं. “रंगराव, एक लक्षात ठेवा. या कागदावर थाप चालत नाही.”

“मग मला हे काम जड जाणार, बाई.”

“जाऊ दे,” त्या म्हणाल्या आणि माझं नाव लिहिलं.

पुढे आल्या अटी. हौसाआत्या बाहेर आली. “खळं घ्या माझं. पर फनस तोडायचा न्हाई. माझा सदू ममईला गेला तवा लावून गेलेला फनस हाय. चढनीवरनं लांबनं फनस दिसला की त्याला घर वळकू येतं.”

सदू बरीच वर्षं आला नव्हता. सून चढण चढायला तयार नाही, असं आत्या सांगायची. गाव मान डोलवायचं.

‘अट : फणस तोडायचा नाही.’ लिहिलं गेलं.

“आता डेपोवाले विचारणार, सकाळी गाडी भरून जाईल, पण संध्याकाळी वर येताना रिकामी आली तर?” कुमुदबाई म्हणाल्या.

“रिकामी कशी यील?” आत्या म्हणाली. “गेलेलं मानूस घरला न्हाई यायचं तर जाईल कुठं?”

कुमुदबाईंनी पेन उचललं. मग म्हणाल्या, “हे गृहीतक म्हणून लिहू. म्हणजे, पुरावा नाही, पण हे खरं आहे असं धरून आपण चालणार.” आणि त्यांनी लिहिलं, ‘गाडीने गेलेला माणूस गाडीने परत येतो, असे गृहीत धरले आहे.’

“आन खोटं निघालं तर?” मी विचारलं.

“तर सगळं पुन्हा तपासायचं. पण खोटं निघेपर्यंत खरंच धरायचं.”

शेवटची ओळ होती, काम कधी संपलं म्हणायचं. ‘डेपोची गाडी मागे न घेता फणसाभोवती वळेल त्या दिवशी.’ खाली सह्या झाल्या, अंगठे उमटले. संस्थेतर्फे त्यांची सही, गावातर्फे आबांची, काम बघणारा म्हणून माझी. “यात काही बदल करायचा झाला,” त्या कागदाची घडी घालत म्हणाल्या, “तर परस्पर करायचा नाही. सांगायचा, आणि दोन्हीकडच्या सह्या घ्यायच्या.”

*

काम सुरू झालं. कुमुदबाई आठवड्यातून बऱ्याचदा यायच्या. सकाळी चढण चढून, आणि उन्हं उतरायला लागली की फाट्यावर तालुक्याची गाडी पकडायला खाली. काम बघणाऱ्यानं संस्थेच्या माणसाला फाट्यापर्यंत पोचवावं असं सनदेत कुठंही नव्हतं. मी पोचवत असे.

वाटेत मी सांगायचो आणि त्या ऐकायच्या. आमच्या ओढ्यातला खेकडा एवढा मोठा, की तो चाकोरीतून चालतो आणि बैलगाडी त्याला वाट देते. वरच्या आळीतल्या पाटलाची मिशी एवढी लांब, की पावसाळ्यात तिच्यावर चवळीचा वेल चढतो. त्या गंभीर चेहऱ्यानं म्हणायच्या, “खेकडा गृहीतकात घाला. मिशी जोखमीत.” आणि मग न राहवून हसायच्या.

एकदा मात्र त्या मधेच थांबल्या. “तुमच्या प्रत्येक गोष्टीला सात-सात शेवट कसे हो? एक सांगता, मी हसले की लगेच दुसरा.”

“शेवट आला की ऐकणारा उठून जातो,” मी म्हणालो.

त्यांनी पिशवी दुसऱ्या खांद्यावर घेतली. “म्हणून तर सनदेत शेवट आधी लिहितात, रंगराव. काम कुठं संपतं हे ठरलेलं नसलं की माणसं त्यातच अडकून राहतात. मी पाहिलीत अशी.”

“कामं की माणसं?”

“फाटा आला,” त्या म्हणाल्या.

आणि मग डोंगराच्या बाजूनं काळा पाषाण लागला. फणसाला वळसा द्यायचा तर तेवढा डोंगर कापायलाच हवा होता. यंत्राची पहार बोथट व्हायची, पण दगडाचा टवका उडायचा नाही. डेपोनं चाचणीचा दिवस कळवला होता. तो चुकला तर पुन्हा पुढच्या वर्षी. एके दिवशी दुपारी आत्या रानात गेलेली बघून दौलतआबा कुऱ्हाड घेऊन दोघांसकट फणसाखाली आले.

“आबा, कुऱ्हाड खाली ठेवा.”

“आरं, एका झाडापायी गावाची गाडी जाईल! तुला कोन इचारतंय?”

“मला नका विचारू. कागदाला विचारा. ‘फणस तोडायचा नाही.’ खाली ती लफ्फेदार सही कुणाची आहे?”

“ती माजीच हाय,” आबा चिडून म्हणाले, “पर तवा मला काय ठावं, आत पाषान हाय म्हनून!”

“मग बदल सुचवा. आत्याची सही आणा. ती देईल तर मी स्वतः पहिला घाव घालतो.”

आबांनी आत्याच्या रिकाम्या ओट्याकडे पाहिलं. ओट्याला टेकून तिची काठी उभी होती. त्यांनी कुऱ्हाड खांद्यावर टाकली. “थापाड्या मानसाला खरं बोलायला लावलं, ही त्या बाईची चूक झाली,” म्हणाले आणि गेले. पण संध्याकाळी तेच वरच्या आळीतली पोरं घेऊन पाषाणावर आले. दोन्ही आळ्या आळीपाळीनं घण घालायला लागल्या. कुणी दमलं की मी एक गोष्ट सांगायचो. लोक म्हणायचे, रंग्याच्या थापांनी दगड फुटला. दगडालाच ऐकवेनासं झालं असेल.

कुमुदबाई आल्या, कापलेला डोंगर बघितला, फणसाच्या खोडावर हात ठेवला. “झाड तोडलं असतं तर केव्हाच संपलं असतं.”

“अट होती ना.”

“तेवढंच?”

मी एक गोष्ट सुरू केली. त्यांनी ती शेवटपर्यंत ऐकली, पण त्या वेळी हसल्या नाहीत.

*

चाचणीच्या दिवशी सगळं गाव खळ्याच्या कडेनं उभं होतं. घाटात गाडीचा घरघराट आला तशी कुत्री भुंकायला लागली आणि हौसाआत्यानं पदर डोक्यावर घेतला. लाल गाडी चढणीवरून वर आली. ड्रायव्हर इस्माईलभाई खिडकीतून डोकं काढून म्हणाले, “या झाडाभोवती? कुणाचं डोकं हे?”

“वळवा तर, भाई,” मी म्हणालो. “मी वळवलीय आधी.”

“कुठली गाडी?”

“बांबूची.”

त्यांनी माझ्याकडे बघितलं, डोकं आत घेतलं आणि स्टेअरिंग फिरवलं. पुढची चाकं पाषाणाच्या कडेनं गेली. मागचा भाग फणसाकडे येत गेला, येत गेला, आणि खोडाजवळून हातभर अंतरानं सरकला. फांद्या टपावर घासल्या. एक पिकला फणस टपावर पडला आणि तसाच तालुक्यापर्यंत गेला, असं मी सांगतो. तेवढं हवं तर थाप समजा. गाडीचं तोंड फाट्याकडे झालं. एकदाही मागे घ्यावी लागली नाही.

आरडाओरडा झाला, नारळ फुटला, आबांनी खालच्या आळीच्या माणसाला मिठी मारली. कुमुदबाई फणसाखाली उभ्या होत्या. त्यांच्या पायाशी, शबनम पिशवीशेजारी, एक ट्रंक होती. सकाळी ती कुणाच्या तरी डोक्यावरून वर आली असणार. मला दिसली ती आत्ता.

“संपलं,” त्या म्हणाल्या. “पुढचं गाव ठरलंय. लांब आहे, धुळ्याकडे. तिथं विहिरीचं काम आहे.”

“आजच?”

“गाडी आलीच आहे, तर म्हटलं फाट्यापर्यंत चालायला नको.” त्या हसल्या. मग घडी घातलेला कागद काढून त्यांनी माझ्यापुढे धरला. “हा तुमच्याकडे ठेवा. काही बदल सुचवायचा राहिला होता का? गाडी सुटेपर्यंत ही सनद चालू आहे.”

आयुष्यात मी शब्दासाठी कधी अडलो नव्हतो. तिथे अडलो.

“एक आहे,” मी म्हणालो. “उजवीकडच्या रकान्यातली एक ओळ डावीकडं घ्यायची आहे.”

“कुठली? पाण्याची टाकी?”

“नाही.”

“मंडप?”

“नाही, बाई.”

इस्माईलभाईंनी हॉर्न दिला. कुमुदबाई कागदाकडे बघत होत्या. “ही थाप आहे का, रंगराव?”

“या कागदावर थाप चालत नाही. तुम्हीच म्हणाला होता.”

त्यांनी पिशवीत हात घालून पेन काढलं. टोपण उघडलं. पुन्हा लावलं. “मला घरी विचारावं लागेल,” त्या म्हणाल्या. “आई आहे. आणि मला स्वतःलाही... तुम्ही इतक्या गोष्टी सांगितल्यात, की यातली खरी कुठली ते मला नीट बघावं लागेल. वेळ लागेल सहीला.”

“लागू दे.”

“गृहीतक काय लिहिलं होतं आपण?”

“गाडीनं गेलेला माणूस गाडीनं परत येतो.”

“हं,” त्या म्हणाल्या. एवढंच. ट्रंक मी वर दिली. त्या खिडकीशी बसल्या. गाडी जाताना फणसाची एक फांदी खिडकीवरून सरकली, आणि त्यांनी हात बाहेर काढून तिचं एक पान ओढून घेतलं. हे मी स्वतः बघितलं. याला दुसरा शेवट नाही.

*

गाडी तेव्हापासून रोज येते. संध्याकाळी येते, फणसाभोवती वळते आणि जाते. लाल गेली, दुसऱ्या रंगाची आली. इस्माईलभाई निवृत्त झाले. त्यांच्या जागी आलेला पोरगा फणसाला वळसा घालताना मला सलाम करतो, कारण मी रोज खोडाला टेकून बसलेला असतो. विचारतात लोक. मी सांगतो, गाडी नीट वळते का बघतो. काम बघणारा माणूस मी, सनदेत नाव आहे माझं.

त्या गाडीत मी कधी बसलो नाही. बाजाराला चालत खाली जातो, चालत वर येतो, संध्याकाळच्या गाडीच्या आधी. मी खाली गेलो आणि नेमकी त्याच दिवशी कुमुद आली तर? तिला वाटायचं, एवढी ट्रंक घेऊन आले आणि काम बघणारा जाग्यावर नाही.

मधे आत्याचा सदू आला. पोरं मोठी झालेली, स्वतःला टक्कल पडलेलं. गाडीतून उतरला आणि फणसाकडे बघत उभाच राहिला. आत्याला तेव्हा दिसत नव्हतं. तिनं त्याचं तोंड हातांनी चाचपलं आणि माझ्या दिशेनं ओरडली, “रंग्या, बघ रं! कागदात लिवलं हुतं, खरं झालं!”

तेव्हा गृहीतक खोटं निघालं, असं अजून तरी कुणाला म्हणता यायचं नाही. खोटं निघेपर्यंत खरंच धरायचं, असा नियम आहे.

चला, घाटात आवाज आला. तुम्ही जरा सरकून बसा. गाडी मागून फणसाच्या बाजूला येते, आणि मला दार दिसलं पाहिजे.